बाकीच्यांच्या भीतीचा बंदोबस्त

१९ डिसेंबर, वेळ अमावस्या

आज अख्खं लातूर शेतात. आम्हीही औशाच्या रोडला आमच्या शेतात गेलो. कडब्याच्या कोपीत पूजा, मग भज्जी, आंबील, उंडे. पोट फुटेस्तोवर जेवलो आणि ज्वारीच्या कडेला सतरंजी टाकून दुपारी झोपलो. इतकी गाढ झोप दिवाळीनंतर पहिल्यांदा लागली.

उठल्यावर एक महत्त्वाचा विचार सुचला. शेतात एकही माणूस घाबरलेला नव्हता. कारण शेतात स्लॅब नसतो. माणसाची भीती जमिनीत नसते, डोक्यावरच्या छतात असते. मोठमोठ्या साहेबांच्या हे लक्षात आलेलं दिसत नाही.

संध्याकाळी सगळे गाडीत बसले तरी मी ज्वारी बघत होतो. बायकोने, महानंदाने, हाका मारमारून घसा कोरडा केला. ज्वारी काय पळून चालली का, म्हणाली. तिला शेतीतलं कळत नाही.

२० डिसेंबर

रोजनिशी आजपासून रीतसर. परिस्थिती लिहून ठेवतो.

दिवाळी झाली आणि जमीन गुरगुरायला लागली. कधी नुसता आवाज, कधी बारीक धक्का. दारं हलायची, भांडी वाजायची. कुणाला काही झालं नाही, पण आमची गल्ली बरेच दिवस शाळेच्या मैदानावर झोपली. मग साहेब लोक आले, यंत्रं लावली, धक्के सौम्य आहेत, घरी जा म्हणाले. त्यानंतर जमीन गप्प आहे. लोक घरात गेले, पण मनातून घाबरलेलेच आहेत. चेहऱ्यावर दिसतं. महानंदा, शेजारचे दयानंद सर, माझी आई म्हणजे अव्वा, सगळे. नांदेडला नोकरीला असलेली आमची मुलगी अक्षरा तर एकटीच राहते, म्हणजे ती घाबरलेली असणारच.

मी घाबरत नाही. अंगणात बाजेवर झोपतो ते कमरेसाठी. बाज आत घ्या, असं महानंदाचं म्हणणं. बाज दारातून आत जात नाही. बाहेर आली ती दारातूनच ना, असं तिने विचारलं. तेव्हा लाकूड सुकलेलं होतं.

संकल्प: घर, गल्ली आणि जमल्यास शहर भयमुक्त करणे.

२३ डिसेंबर

समाज मंदिरात आरोग्य खात्याचं शिबिर. ‘भूकंपानंतरची मनःस्थिती’. मंडप टाकून मैदानात घ्या असं मी सुचवलं होतं, कुणी मनावर घेतलं नाही. मी दाराजवळची खुर्ची घेतली. उशिरा येणाऱ्यांना जागा दाखवायला कोणीतरी लागतं.

समुपदेशक आरती मॅडम बोलल्या. मुलगी लहान आहे, पण बरं बोलते. संकट संपलं तरी शरीराला ते कळायला वेळ लागतो, म्हणाल्या. शरीर पहाऱ्यावरच राहतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुढे लक्षणं सांगितली. मी प्रत्येक लक्षणापुढे माणूस लिहीत गेलो.

छातीत धडधड: महानंदा. जिना चढल्यावर होते.
पुन्हा पुन्हा तपासत राहणे: दयानंद सर. गेट लावलं का ते परत येऊन बघतात.
झोप न लागणे: अव्वा. पहाटेच उठते. इष्टलिंगाच्या पूजेसाठी उठते म्हणते, पण ते निमित्त असू शकतं.
चिडचिड: महानंदा.
एखादी जागा टाळणे: कोणीच सापडलं नाही.

मॅडमनी शेवटी विचारलं, कुणाला आपला अनुभव सांगायचा आहे का. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बाहेर चपला नीट लावायला गेलो.

२५ डिसेंबर

व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव ‘भयमुक्त गल्ली’. सगळ्यांना घेतलं. अव्वाच्या फोनवरूनही एक सभासद केला. फोन मीच चालवतो.

पहिला मेसेज: ‘घाबरू नका. जगात रोज कुठे ना कुठे भूकंप होतच असतो. आपल्याकडे आज झालेला नाही.’

दयानंद सरांनी अंगठा दाखवला. हे निवृत्त गणिताचे मास्तर. सुरुवात उत्तम.

२८ डिसेंबर

ग्रुपवर रोज माहिती टाकतो. स्लॅब कसा पडतो, पडल्यावर हवा किती वेळ पुरते, टेबलाखाली कसं बसावं, गरजूंसाठी आरती मॅडमचा नंबर. माणसाला माहिती असली की भीती जाते.

आज ग्रुपमधून सातजणी बाहेर पडल्या. सूनबाईला रात्रभर झोप नाही, असं समोरच्या मल्लम्मा काकू गेटवरून ओरडून सांगून गेल्या. म्हणजे बघा, गल्लीत किती भीती आहे.

१ जानेवारी

नवीन वर्ष, नवीन संकल्प.
१. रोज अक्षराला फोन करून धीर देणे.
२. चिडचिड न करणाऱ्यांनी चिडचिड करणाऱ्यांना समजून घेणे (महानंदा).
३. दुकानात शांत वातावरण ठेवणे.

गंजगोलाईच्या बाजारातलं आमचं भांड्यांचं दुकान वडिलांपासूनचं. झारे, पळ्या, उलथनी वरून हुकाला लटकलेली असतात. रोडवरून ट्रक गेला की सगळं किणकिणतं. गिऱ्हाईक दचकतं. सगळी उतरवून पोत्यात भरली. शिवप्पा वीस वर्षांपासून दुकानात आहे. तो म्हणाला, अप्पा, गिऱ्हाईक न्हाई दचकत. मी म्हणालो, तुला दिसत नाही.

४ जानेवारी

गिऱ्हाईक झारा मागतं. शिवप्पा पोत्यात हात घालतो. सगळं पोतं वाजतं. हे आधीपेक्षा वाईट आहे. पोतं गोडाऊनमध्ये ठेवायला सांगितलं. गोडाऊन खाली तळघरात आहे. तिथे शिवप्पा जातो. मला गुडघ्याचा त्रास आहे.

अक्षराला फोन केला. खोलीत कुठे झोपतेस, दारापासून किती लांब, कपाट भिंतीला बांधलंय का, जिन्यात सायकली ठेवलेल्या आहेत का, हे सगळं विचारून धीर दिला. ती म्हणाली, पप्पा, मी आत्ताच जेवायला बसले होते. आवाज बारीक वाटला. पोरगी घाबरलेली आहे, पण सांगत नाही. आमच्या घराण्यात सांगायची पद्धत नाही.

७ जानेवारी

नवी योजना. बाजेच्या उशाशी स्टीलच्या वाट्यांचा मनोरा. खाली मोठी, वर लहान, अशा पंधरावीस. जमीन हलली की मनोरा पडणार, मी उठणार, घरच्यांना उठवणार. माझ्यासाठी नाही. त्यांच्यासाठी.

८ जानेवारी

अव्वा पहाटे पूजेची फुलं काढायला अंगणात आली. तिचा पदर मनोऱ्याला लागला.

मी गेटच्या बाहेर, रोडवर, घोंगडीसकट. दूधवाला थांबला, विचारलं, अप्पा काय झालं. मॉक ड्रिल, मी सांगितलं. घरातले कुठाहेत, त्याने विचारलं. घरातले आतच होते. अव्वा वाट्या गोळा करत होती.

निष्कर्ष: घरच्यांची तयारी शून्य.

अव्वाने चहा देताना विचारलं, “उम्या, तुला मावशीचं गाव आठवायलंय का?”

१९९३चा आणि याचा काही संबंध नाही. त्याबद्दल इथे लिहायची गरज नाही.

१५ जानेवारी

महानंदाचं हळदीकुंकू. दरवर्षी हॉलमध्ये असतं. मी अंगणात ठेवायला लावलं. बायका मोकळ्या मनाने बसतील हा हेतू. वारा सुटला. सगळं कुंकू मल्लम्मा काकूंच्या पांढऱ्या पैठणीवर. तिळगूळ धुळीत. बायका वाण घेऊन लगेच गेल्या. वाटेत म्हणत होत्या की अप्पांना दाखवायला पाहिजे.

महानंदा रात्री जेवली नाही. थंडीत कुडकुडत बाहेर झोपायलाव, लोक हसायलेत, मला काही बोलायची सोय ठेवली नाही, असं बरंच. मी शांतपणे ऐकलं आणि तिला आरती मॅडमचा नंबर दिला.

नंबर तिने माझ्याच अंगावर फेकला. लक्षण क्रमांक चार.

१७ जानेवारी

आनंदाची बातमी. अक्षराचं जमलं. मुलगा मन्मथ, नांदेडलाच कॉलेजात शिकवतो. माणसं चांगली, घरंदाज. पोरीने स्वतःच पसंत केला आणि आईला सांगितलं, मला शेवटी कळलं. काही हरकत नाही.

सुपारी आणि अंगठ्या पुढच्या रविवारी, त्यांच्या घरी. घरचीच माणसं. मी मुलाच्या वडिलांना, बसलिंगप्पांना, फोन केला. अभिनंदन वगैरे झाल्यावर सहज विचारलं, घर कितव्या मजल्यावर?

चौथ्या.

१९ जानेवारी

बसलिंगप्पांना पुन्हा फोन. मोकळं लॉन बघू का, खर्च माझा. ते म्हणाले, कशाला, पंधरा माणसं तर आहेत.

दुपारी पुन्हा फोन. गच्चीवर घेतलं तर? म्हणाले, ऊन लागेल. मी म्हणालो, पार्किंगमध्ये सावली असते. मग मन्मथने फोन घेतला. काका, काही अडचण आहे का, म्हणाला. जावई हुशार वाटतो, पण थोडा घाबरट आहे.

अक्षराचा फोन आला. पप्पा, प्लीज. एवढंच म्हणाली. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तिला चौथ्या मजल्याची भीती वाटते.

२२ जानेवारी

ग्रुपमध्ये आता चौघे: मी, अव्वा, दयानंद सर आणि एक नंबर जो कुणाचा आहे ते माहीत नाही. ‘समारंभात गर्दी असताना धक्का आल्यास’ हा मेसेज टाकला. दयानंद सर बाहेर पडले. अव्वाने अंगठा दाखवला.

२५ जानेवारी, रविवार, नांदेड

कार्यक्रम छान झाला. माणसं चांगली आहेत. जेवण उत्तम. मी मधला काही वेळ खाली होतो.

२६ जानेवारी

कालचं थोडं सविस्तर लिहितो. कारण महानंदा नातेवाइकांना फोनवर वेगळंच सांगते आहे.

आम्ही सकाळी लातूरहून निघालो, वेळेत पोहोचलो. सगळे लिफ्टने गेले. मी जिन्याने. व्यायाम. वर गेल्यावर दाराजवळची जागा घेतली. स्वामी आले, पूजा झाली, सुपारी फुटली. मग अंगठ्या. मुलाची अंगठी माझ्या हातात होती, ती मी अक्षराला द्यायची आणि तिने मुलाला घालायची. अक्षरा निळ्या साडीत होती. इतकी मोठी कधी झाली कळलं नाही.

तेवढ्यात घर गुरगुरलं. काचेचं कपाट वाजायला लागलं. हे सगळ्यांनी मान्य केलं आहे, कपाट वाजलं.

यानंतरचं मला नीट आठवत नाही. मी पार्किंगमध्ये होतो. पायात चप्पल नव्हती. हातात अंगठी. वॉचमनने विचारलं, काका, कुणाकडे आलात? मी म्हणालो, माझ्या मुलीचा साखरपुडा आहे. तो म्हणाला, मग खाली काय करायलाव?

गच्चीवरच्या टाकीची मोटर होती. रोज त्याच वेळी लावतात.

अव्वा वर राहिली होती. महानंदा वर होती. पोरगी वर होती. मी एकटा खाली.

मी पार्किंगची पाहणी करत होतो असं आधी लिहायचं ठरवलं होतं. पार्किंग ठीक आहे.

अक्षरा खाली आली. पैंजण वाजले म्हणून बघितलं, तर साडी धरून जिना उतरत होती. लिफ्ट का नाही घेतली, मी विचारलं. “तुम्ही जिन्यात पडलात का बघत आले.” मग ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. नवी साडी, खाली तेलाचा डाग, तरी बसली. ओरडेल असं वाटलं होतं.

“पप्पा, मला पण होतं,” म्हणाली. “शेजारी मिक्सर लागला तरी छातीत धडधडतं. दिवाळीला घरी आले होते तेव्हापासून. मी आरती मॅडमशी फोनवर बोलते. दर आठवड्याला.”

नंबर कुठून मिळाला, विचारलं.

“तुमच्याच ग्रुपवर.”

मी म्हणालो, मग तू तिसऱ्या मजल्यावर खोली घेऊन राहतेस कशी?

“घाबरत घाबरत राहते.”

वॉचमन पाणी घेऊन आला. प्यायलो. ती म्हणाली, चला, सगळे थांबलेत, मन्मथ तसाच बोट वर करून बसलाय. मी हसलो. ती पण हसली. तिचे डोळे भरलेले होते, काजळ पसरलं होतं, ते मी माझ्या रुमालाने पुसलं. लहानपणी पुसायचो तसं.

आम्ही जिन्याने वर गेलो. ती घाबरू नये म्हणून मी तिचा हात धरला होता. घट्ट धरला, असं ती म्हणाली. दुसऱ्या मजल्यावर थोडं थांबलो. तिला दम लागला असावा.

वर कुणी काही विचारलं नाही. बसलिंगप्पांनी शेजारी बसवून घेतलं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, आमच्याकडे यंदा पुराचं पाणी आलं होतं. चौथ्या मजल्यावर राहतो, पण पाऊस वाजला की अजून खाली जाऊन गाडी बघून येतो. जावईही म्हणाला, त्याला गर्दीचा त्रास होतो.

बिचारे. सगळी माणसं घाबरलेली. अशा घरात माझ्यासारखा एखादा असावाच लागतो.

निदान बरोबर निघालं. अक्षरा घाबरलेली होतीच.

२९ जानेवारी

आज आरती मॅडमकडे सरकारी दवाखान्यात गेलो. अक्षरासाठी. तळमजला आहे.

मॅडमनी ओळखलं. शिबिरात चपला लावत होता तुम्हीच ना, म्हणाल्या. मी सांगितलं, मुलीबद्दल विचारायला आलो आहे. ती तुमच्याशी बोलते, तिचं काय ते तुम्ही सांगणार नाही हे मला माहीत आहे, पण बाप म्हणून मला जे दिसतं ते सांगतो. सांगा, म्हणाल्या.

मी म्हणालो, तिला छताखाली झोप येत नाही. डोळे मिटले की वर काहीतरी आहे असं वाटत राहतं. सारखा कानोसा घेते. कोणी जोरात हसलं तरी राग येतो. आणि तिला मावशीचं गाव आठवतं. किल्लारीच्या भूकंपात ते पूर्ण गेलं होतं. सकाळी आम्ही वडिलांबरोबर ट्रॅक्टरने गेलो, तर गाव कुठून सुरू होतं तेच कळेना. मावशीचं घर वडिलांनी लिंबाच्या झाडावरून ओळखलं. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. मावशीच्या हाताला गुलाल तसाच होता.

मॅडमनी विचारलं, “अक्षराचा जन्म कधीचा?”

दोन हजार एकचा, मी सांगितलं.

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

मग मी बराच वेळ बोललो. काय काय बोललो ते लिहीत नाही. बाहेर लोक थांबले होते. मॅडमनी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

निघताना त्यांनी अक्षरासाठी काही गोष्टी सांगितल्या. ज्या खोलीची भीती वाटते तिच्यात रोज थोडा वेळ बसायचं. धडधड झाली तरी लगेच पळायचं नाही. श्वास हळूहळू सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. भीती चढते, मग आपोआप उतरते, तेवढा वेळ तिच्याबरोबर बसून बघायचं. बातम्या आणि ते भूकंपाचे मेसेज बंद. “आणि जवळच्या माणसाला सांगायचं,” म्हणाल्या. “तुम्हाला भीती वाटते, हे.”

तिला, मी म्हणालो.

हो, तिला, मॅडम म्हणाल्या.

३० जानेवारी

पोरीला सांगण्याआधी उपाय स्वतः करून बघणं हे बापाचं काम. नाहीतर उद्या तिला अपाय झाला तर?

आतल्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. धडधड आली. श्वास सोडला. पुन्हा आली. पंख्याची कडी कुणी तपासली आहे का, असा प्रश्न पडला. अंगणात येऊन इलेक्ट्रिशियनला फोन केला.

उपाय अपुरा वाटतो. उद्या पुन्हा.

१ फेब्रुवारी

आज जास्त वेळ बसलो. अव्वा आली, समोर जमिनीवर बसून शेंगा सोलायला लागली. काय करायलास, विचारलं. अक्षरासाठी एक प्रयोग करतो आहे, सांगितलं. हाव का, म्हणाली. थोड्या वेळाने सुपात शेंगा टाकत म्हणाली, “तुझी मावशी लई भित्री होती. पालीला भ्यायची. मला सारखं वाटतं, त्या वेळी तिला जाग नको यायला होती.”

अव्वा मावशीबद्दल कधी बोलत नाही. मीही विचारत नाही.

मी शेंगा सोलू लागलो. सगळ्या सोलून झाल्यावर लक्षात आलं की मी अजून आतच आहे. लगेच बाहेर आलो.

३ फेब्रुवारी

‘भयमुक्त गल्ली’ ग्रुप बंद केला. उद्दिष्ट पूर्ण झालं. अनोळखी नंबरवाल्याचा मेसेज आला: भाऊ, मी चुकून जॉइन झालो होतो, किनवटचा आहे, पण तुमचे मेसेज वाचून महिनाभर आमच्याकडचे लोक रानात झोपायलेत.

त्याला फोन करून माफी मागितली. फक्त सौजन्य म्हणून.

शिवप्पाला झारे परत लटकवायला सांगितले. विक्रीचं कारण.

५ फेब्रुवारी

महानंदाला सांगायचं ठरवलं. मॅडमनी अक्षरासाठी सांगितलेली शेवटची गोष्ट, जवळच्या माणसाला सांगायची ती. प्रयोग पूर्ण करायचा तर तीही करून बघायला हवी. महानंदा भाकरी थापत होती. मी म्हणालो, समज, एखाद्या माणसाला भीती वाटते. ती थापतच राहिली. मी म्हणालो, समज, तो माणूस चांगला आहे, घरदार बघतो, पण त्याला आतल्या खोलीत झोपायची भीती वाटते. मग त्याने काय करावं?

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. म्हणाली, “त्यानं बायकोला सांगावं. ती दार उघडं ठेवून झोपंल.”

मी म्हणालो, सांगतो त्याला.

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी वांग्याचं भरीत आणि भाकरी जेवलो. महानंदा मल्लम्मा काकूंकडे पापड लाटायला गेली. पैठणीचा विषय मिटवायला. मी आतल्या खोलीत सतरंजीवर आडवा झालो. खुर्चीऐवजी आडवं होणं ही प्रयोगाची पुढची पायरी. डोळे मिटणार नव्हतो.

जाग आली तेव्हा अव्वाचा हात माझ्या छातीवर होता. पंखा बंद होता तरी डोलत होता. बाहेर आरडाओरडा. सगळी गल्ली रोडवर, आणि माझ्या नावाने हाका.

धक्का येऊन गेला होता. दिवाळीपासूनचा सगळ्यात मोठा, असं नंतर कळलं. भिंतीवरचा वडिलांचा फोटो खाली पडून काच फुटली होती. मला काही कळलं नाही. मी झोपलो होतो.

महानंदा धावत आली, तर तिने आधी अंगणातली बाज बघितली. बाज रिकामी. गेट उघडं. ती ओरडली, हे पळाले, हे पळाले. दयानंद सर स्कूटरवर मैदानाकडे गेले. दोघे रेल्वे लाईनच्या बाजूला गेले. शिवप्पा दुकान तसंच टाकून औसा रोडला निघाला, शेतात बघायला. सगळी गल्ली मला बाहेर शोधत होती. आत कुणी बघितलं नाही. कुणाला शंकाच आली नाही.

मी अव्वाला विचारलं, तू बाहेर का नाही गेलीस?

“तू झोपला होतास की.”

मला उठवायचं ना.

“लई दिवसांनी झोपलास. कसं उठवू?”

तिचे गुडघे दुखतात. ती स्वयंपाकघरातून इथपर्यंत भिंतीला धरून आली असणार, सगळं हलत असताना. दार जवळ होतं. ती दाराकडे गेली नाही.

मी उठून बसलो. माझ्या धैर्याबद्दल काही लिहिता येईल का बघितलं. झोपलेल्या माणसाचं काही लिहिता येत नाही.

महानंदा आत आली, मला बघितलं आणि दारातच खाली बसली. आधी रडली. मग चिडली. मग परत रडली. मी तिला म्हणालो, मला भीती वाटते. ती म्हणाली, माहीत हाय हो, गल्लीला माहीत हाय.

दयानंद सर अजून मैदानावरच होते. त्यांना फोन करून सांगितलं, मी घरात आहे. घरात म्हणजे कुठे, त्यांनी विचारलं. आत, मी म्हणालो. त्यांना ते पटलं नाही, बघायला आले.

संध्याकाळी अव्वाने चहा केला. बशीवर कप वाजायला लागला. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं, कुणी उठलं नाही. जमीन हलत नव्हती. हात थरथरत होता. कुणाचा, ते लिहीत नाही.